डार्विन आधी दगडांचा होता का?

काळवत्री

गेले दोन महिने डार्विनचा ‘बीगल’ जहाजावरच्या सफरीचा वृत्तान्त रोज रात्री थोडा थोडा वाचतोय. पुस्तक हातात घेतलं तेव्हा डोक्यात फिंच पक्षी, मोठाली कासवं आणि गालापागोस बेटं होती. प्रत्यक्षात पान उलटावं तर दगड! कड्याचा रंग, थराचा कल, समुद्रापासून किती फूट उंचीवर शिंपले सापडले, गोटे कुठल्या डोंगरातून वाहत आले. पक्षी येतात, नाही असं नाही, पण दगडांना जेवढी जागा आहे तेवढी त्यांच्या वाट्याला नाही.

मग शोधाशोध केली. पाच वर्षांच्या सफरीत त्याने भूशास्त्राची टिपणं लिहिली १,३८३ पानं आणि प्राण्यांची ३६८. परत आल्यावर १८३८ ते १८४१ तो लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचा सचिव होता. सफरीवरची त्याची तीन शास्त्रीय पुस्तकं (प्रवाळ १८४२, ज्वालामुखी बेटं १८४४, दक्षिण अमेरिका १८४६) तिन्ही भूशास्त्राची. उत्क्रांतीवरचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ (‘ओरिजिन’) आलं १८५९ मध्ये, आणि त्याच वर्षी त्या सोसायटीने त्याला वोलस्टन पदक दिलं.

शाळेत आपल्याला यातलं काहीच कानावर पडलं नाही. माकडाचा माणूस झाला, एवढ्यावर धडा आटोपला. मला खरंच जाणून घ्यायचंय: हे भूशास्त्र म्हणजे त्याची तरुणपणीची उमेदवारी होती, पुढे सोडून दिलेली? की नंतरचं सगळं याच पायावर उभं आहे? वाचलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी, डोंगर तुडवणाऱ्यांनी सगळ्यांनी लिहा.

ठिपका

जागा धरून बसलेय. चहा ठेवून आले.

खडूफळा

विषय उत्तम, पण पानांच्या हिशोबावर फार भिस्त ठेवू नका. मी पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवतो. प्राणी सापडला की तो स्पिरिटच्या बाटलीत जातो, त्याला क्रमांक मिळतो, नोंदीत दोन ओळी येतात. बाकीचं काम इंग्लंडमधला तज्ज्ञ करणार. डोंगर काही बाटलीत भरून पाठवता येत नाही, तो तिथेच बसून लिहून काढावा लागतो. म्हणून पानं वाढतात. पानं जास्त म्हणजे जीव जास्त, असं मी म्हणणार नाही.

गारगोटी

खडूफळा सर, मुद्दा पटण्यासारखा आहे, पण त्याची पत्रंही बघा. गालापागोसला पोहोचण्याआधी त्याने आपल्या फॉक्स नावाच्या दूरच्या भावाला लिहिलंय की सफरीतल्या इतर कुठल्याही जागेपेक्षा या बेटांची ओढ जास्त आहे. कशासाठी? तर तिथे जिवंत ज्वालामुखी आहेत आणि टर्शरी काळातले, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरच्या युगातले थर मिळतील अशी आशा आहे! पक्ष्यांचं नावसुद्धा नाही. तिथे गेल्यावर त्याने राखेच्या खडकाची २८ विवरं पाहिली आणि टिपलं की प्रत्येकाची दक्षिणेची बाजू एकतर खचलेली आहे किंवा पार ढासळलेली. व्यापारी वाऱ्याच्या लाटा आणि महासागराची फुगी दोन्ही त्याच बाजूने येऊन आदळतात. २८ पैकी २८! ही नजर दगडवाल्याची आहे. (मी स्वतः भूशास्त्रात एमएस्सी, त्यामुळे जरा पक्षपात समजून घ्या.)

आता थोडं मागे जाते, कारण मला सगळ्यात आवडतो तो भाग आधीचा आहे. एडिंबरोला डॉक्टरकी शिकायला गेलेला हा मुलगा जेमसनची भूशास्त्राची व्याख्यानं ऐकून इतका कंटाळला की आयुष्यात या विषयाचं पुस्तक उघडायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं. गावाजवळच्या कड्यातली लाव्ह्याची भिंत दाखवून जेमसन सांगत, ही भेग वरून गाळाने भरली. तापलेला रस खालून वर आला, हे त्यांना मान्यच नव्हतं.

मग केंब्रिज. तिथे वनस्पतिशास्त्राचे हेन्स्लो भेटले आणि त्यांनी त्याला परत या विषयाकडे वळवलं. १८३१ च्या उन्हाळ्यात पोराने क्लायनोमीटर आणवला. थर किती अंशांनी आणि कुठल्या दिशेला कललाय ते मोजायचं हे यंत्र. डोंगर लांब होते, म्हणून पठ्ठ्याने आपल्या खोलीतली सगळी टेबलं हव्या त्या कोनात, हव्या त्या दिशेला तिरकी करून ठेवली आणि ती मोजली. हेन्स्लोंना तसं पत्रही लिहिलं. बावीस वर्षांचा मुलगा, खोलीभर वाकडी टेबलं! मी हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते.

ऑगस्टमध्ये केंब्रिजचे भूशास्त्राचे प्राध्यापक सेजविक यांच्याबरोबर तो उत्तर वेल्सला गेला. सेजविक त्याला आपल्या वाटेला समांतर अशी वेगळी वाट देत, नमुने आण आणि नकाशावर थर मांड म्हणून सांगत. क्लूइडच्या खोऱ्यात छापील नकाशावर तांबडा वालुकाश्म दाखवलेला होता, तो याला प्रत्यक्षात कुठे सापडेना. शिकाऊ पोरासाठी छापील नकाशा चुकीचा ठरवणं केवढी मोठी गोष्ट! परत घरी आला २९ ऑगस्टला, तर बीगलवर जाण्याबद्दलचं हेन्स्लोंचं पत्र येऊन पडलेलं.

मीनल७२

गारगोटीताई, वाकडी टेबलं मनात घर करून बसली. माझी मुलगी सातवीत आहे, तिला आत्ताच वाचून दाखवलं.

शंखाचीही एक गोष्ट आहे ना, खडीच्या खाणीतली? अर्धवट आठवतेय.

गारगोटी

हो. श्रूझबरीजवळच्या खडीच्या खाणीत एका मजुराला उष्ण समुद्रातला शंख मिळाला होता. डार्विन हरखून गेला आणि सेजविकना सांगितलं. ते म्हणाले, कुणीतरी टाकला असेल. आणि पुढे म्हणाले, तो खरोखरच त्या थरातला असेल तर भूशास्त्राचं ते मोठंच दुर्दैव, कारण त्या भागातल्या वरच्या थरांबद्दल जे काही कळलंय ते सगळं कोसळेल. डार्विनला आश्चर्य वाटलं की एवढ्या विलक्षण गोष्टीचा यांना आनंद कसा नाही. मग त्याला उमगलं: एकटा शंख म्हणजे शास्त्र नाही. अनेक गोष्टी एकत्र मांडून त्यातून नियम काढायचा, ते शास्त्र. ती खडी हिमयुगातली निघाली, आणि त्यात पुढे त्याला मिळाले ते थंड समुद्रातल्या शिंपल्यांचे तुकडे.

काळवत्री

वा, हे सगळं माझ्या पुस्तकात नव्हतं!

मला खिळवून ठेवलं ते सफरीच्या पहिल्याच मुक्कामाने. जानेवारी १८३२, केप व्हर्दमधलं सांतियागो बेट. बंदराच्या कड्यात समुद्रापासून सुमारे ४५ फुटांवर एक पांढरी आडवी पट्टी, मैलोनमैल गेलेली. खाली जुना ज्वालामुखी खडक, वर काळा लाव्हा, मध्ये शिंपल्यांनी भरलेला चुना. शिंपले आजही त्याच किनाऱ्यावर राहणाऱ्या जातींचे. म्हणजे समुद्राच्या तळाशी शिंपले साचले, त्यावर लाव्हा येऊन पसरला, त्याच्या धगीने चुना वरच्या अंगाला भाजून स्फटिकासारखा झाला, आणि मग अख्खा तळच वर उचलला गेला. पट्टी सलग आहे, म्हणजे हे सगळं धसमुसळेपणाने झालेलं नाही.

कप्तान फिट्झरॉयने त्याला भूशास्त्रज्ञ लायेलच्या ‘प्रिन्सिपल्स’चा पहिला खंड दिला होता. आज चालू असलेल्या संथ बदलांनीच जमीन घडली, असं लायेलचं म्हणणं. हेन्स्लोंनी बजावलं होतं, वाच, पण त्याची मतं स्वीकारू नकोस. याने पहिल्याच बेटावर ती पडताळून पाहिली! म्हातारपणी आठवणी लिहिताना त्याला तो कडा, डोक्यावरचं रणरणतं ऊन, पायाशी डबक्यातली जिवंत प्रवाळं सगळं लख्ख आठवत होतं. आपणही भूशास्त्रावर एक पुस्तक लिहू शकू, असं पहिल्यांदा तिथे वाटलं आणि अंगावर आनंदाचा काटा आला, असं तो लिहितो.

हे वाचलं आणि मला माळशेजचा घाट आठवला. काळ्या कड्यांच्या मधून जाणाऱ्या तांबड्या पट्ट्या. इतकी वर्षं बघतोय, पण त्यांनाही काही सांगायचं असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

रानवाटा

काळवत्री, तुलना सुंदर आहे, एक दुरुस्ती सुचवतो. आपल्याकडच्या त्या तांबड्या पट्ट्यांना ‘भाजलेली माती’ म्हणायची पद्धत आहे, पण नुसती भाजणी नव्हे. एक लाव्हा थंड झाला, पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला, त्यात वरचा भाग ऊनपावसाने कुजला, काही ठिकाणी राख पडली, त्यातलं लोह गंजून तांबडं झालं. मग वरून पुढचा लाव्हा. सांतियागोच्या पट्टीत धग मुख्य आहे, आपल्या पट्टीत काळ मुख्य आहे. पण दोन्हीकडे खूण तीच: दोन उद्रेकांच्या मध्ये वेळ गेलाय.

माळशेजला पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात जा. पट्ट्या धुऊन निघालेल्या असतात.

तेरणाकाठ

मी भूशास्त्रातलं काही शिकलेले नाही, पण भूकंपाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले. मी दहा वर्षांची. आमचं गाव किल्लारीपासून लांब, त्यामुळे आमच्या घराच्या भिंती राहिल्या, पण पहाटे चारच्या सुमाराला जमिनीतून जो आवाज आला तो आजही कानात आहे. सकाळी अंगणात उभं राहायची भीती वाटत होती. जमीन हलते हे कुणी शिकवलेलं नव्हतं. आजी चार दिवस जमिनीवर पाय टेकवताना नमस्कार करायची.

डार्विनने चिलीतल्या भूकंपाबद्दल लिहिलंय ते मी मराठीत उताऱ्यादाखल वाचलं होतं. घट्टपणाची खूण म्हणून जिच्याकडे बघावं ती पृथ्वीच पायाखाली पातळ रसावरच्या सायीसारखी हलली, आणि एका क्षणात मनात जी असुरक्षितता आली ती कित्येक तास विचार करूनही आली नसती, अशा अर्थाचं. मी ते वाचून रडले होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाने आमच्या अंगणातलं लिहून ठेवलंय असं वाटलं.

गारगोटी

तेरणाकाठ, तुमचं वाचून गलबलून आलं.

तो भूकंप २० फेब्रुवारी १८३५ चा. डार्विन तेव्हा वाल्दिव्हियाच्या जंगलात आडवा पडून विश्रांती घेत होता. धक्का दोनेक मिनिटांचा. नंतर कॉन्सेप्सियोनला गेले तर शहर उद्ध्वस्त. आणि तिथेच त्याला हवा होता तो पुरावा समोर आला: किनारा दोन-तीन फूट वर आलेला. सांता मारिया बेटावर फिट्झरॉयने मोजलं, तर भरतीच्या रेषेपेक्षा दहा फूट वर खडकाला चिकटलेले शिंपले कुजत होते. म्हणजे कालपर्यंत पाण्यात होते.

तोवर त्याने पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर पायऱ्यापायऱ्यांची पठारं पाहिली होती, त्यावर समुद्रातले शिंपले पाहिले होते. आता एक पायरी डोळ्यांदेखत चढली. अशा किती पायऱ्या चढल्या म्हणजे अँडीज उभा राहील?

एक भर घालते. हा हिशोब त्याला वाटला तितका सरळ निघाला नाही. १८३५ नंतर सांता मारिया बेट हळूहळू परत खाली बसत गेलं आणि २०१० च्या मोठ्या भूकंपात पुन्हा उचललं गेलं. तिथे समुद्राचा तळ खंडाखाली सरकतो आहे. वर आलेल्यापैकी थोडंच कायमचं उरतं. भूपट्टांची कल्पना यायला तेव्हा शंभरहून जास्त वर्षं होती.

खडूफळा

मी अजून माझ्या जागेवर आहे, पण थोडा सरकलोय.

माझ्या मते दुवा जीवाश्मांत आहे. १८३२ मध्ये पुंता आल्ताच्या कड्यात त्याला प्रचंड हाडं मिळाली, नामशेष झालेल्या अजस्र स्लॉथची. उरुग्वेत तर टॉक्सोडॉन या नामशेष सस्तन प्राण्याची कवटी त्याने १८ पेन्सांना विकत घेतली. पोरं तिच्यावर दगडांनी नेम धरत होती, त्यात तिचे दात गेले. सुमारे १८० मैलांवर दुसऱ्याच ठिकाणी त्याला एक दात मिळाला, तो त्या कवटीच्या खोबणीत अगदी नेमका बसला! ही हाडं ज्या थरात होती त्यातले शिंपले आजच्या जातींचे. म्हणजे प्राणी गेले, शिंपले राहिले, आणि मोठं काही संकट आल्याची खूण थरात नाही. मग हे प्राणी गेले कसे? हा प्रश्न जीवशास्त्राचा, पण थर वाचता आला नसता तर तो पडलाच नसता. एवढं मी मान्य करतो.

दर्यावर्दी

उशिरा आलो. बोटीवर होतो, नेट नव्हतं. पण प्रवाळाशिवाय हा धागा पुरा कसा होणार?

मी मर्चंट नेव्हीत वीस वर्षं काढली. मिनिकॉय आणि मालदीवच्या मधून रात्री जाताना रडारवर कड्यांसारखी बेटं दिसतात. कंकणद्वीपं. मध्ये शांत पाणी, भोवती प्रवाळाची बांगडी, आणि बांगडीच्या बाहेर लगेच अथांग. अथांग समुद्रातून ही वर्तुळं उगवली कशी? लायेलचं म्हणणं होतं, बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडाच्या काठावर प्रवाळ वाढलं. पण इतकी सगळी तोंडं नेमकी पाण्याच्या पातळीजवळ कशी येऊन थांबतील?

डार्विनला उत्तर सुचलं तेव्हा त्याने एकही खरी प्रवाळभित्ती पाहिलेली नव्हती. तो दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होता! जमीन इथे वर येतेय, तर कुठेतरी समुद्राचा तळ खाली जात असणार. बेट हळूहळू खचतं, प्रवाळाला उजेड लागतो म्हणून ते वर वाढत राहतं. आधी किनाऱ्याला चिकटलेली भित्ती, मग मध्ये पाणी ठेवून उभी राहिलेली, आणि बेट पार बुडालं की उरते नुसती बांगडी.

एप्रिल १८३६ मध्ये हिंदी महासागरातल्या कोकोस-कीलिंगला त्याने ते तपासलं. शिशाच्या वजनाला खाली चरबी लावून सोडायचे. दहा वावांपर्यंत (साठ फूट) चरबीवर जिवंत प्रवाळाचे ठसे यायचे आणि वाळू अजिबात नाही. खोल जाऊ तशी वाळू वाढत गेली. आणि किनाऱ्यापासून अवघ्या २,२०० यार्डांवर फिट्झरॉयने ७,२०० फुटांचा दोर सोडला तरी तळ लागला नाही. दोर सोडून पाणी मोजणं काय असतं हे ज्याने केलंय त्याला यातली मेहनत कळेल.

मे १८३७ मध्ये हे सोसायटीपुढे वाचलं. लायेलने आपलं मत सोडलं, थोडी कळ येते असं मित्राला लिहून सोडलं, पण सोडलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

पुरावा मिळायला मात्र शतक लागलं. १८९७-९८ मध्ये प्रशांत महासागरातल्या फुनाफुती कंकणद्वीपावर १,११४ फूट खोदलं, तरी चुनखडीच. शेवटी १९५२ मध्ये तिथल्याच एनिवेटोक कंकणद्वीपावर चार हजार फुटांहून खोल गेल्यावर ज्वालामुखीचा खडक लागला.

आपल्याशी नातं सांगतो. मालदीवबद्दल डार्विनने जे लिहिलं ते मुंबईच्या इंडियन नेव्हीतल्या मोर्सबीने केलेल्या मोजणीवर, त्याच्या नकाशांवर. आणि दुसरं नातं त्याहून जुनं. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तस्थळावरून (पृथ्वीच्या पोटातून तापलेला रस वर येत राहतो ती जागा) आला, त्याच्यावरून भारताचा पट्ट उत्तरेला सरकत गेला आणि मागे ज्वालामुखींची रांग राहिली: लक्षद्वीप, मालदीव, छागोस. ते डोंगर खचले, त्यांच्या डोक्यावर प्रवाळ वाढलं. तप्तस्थळ आज रेयूनियनखाली आहे. माळशेजचा कडा आणि मिनिकॉयची बांगडी एकाच घरातली भावंडं आहेत.

ठिपका

चहा थंड झाला. दुसरा ठेवते, पण धागा सोडून उठवत नाहीये.

रानवाटा

दर्यावर्दी, जबरदस्त. एक जोड: आजची बेटं जशी दिसतात त्याला खचण्याइतकंच हिमयुगांतलं समुद्राचं वर-खाली होणंही कारण आहे, आणि मालदीवबद्दल हा वाद अजून चालू आहे.

आता त्याची चूकही सांगायला हवी. स्कॉटलंडमध्ये ग्लेन रॉय नावाचं खोरं आहे. डोंगराच्या दोन्ही अंगांना तीन आडव्या रेषा, जणू कुणी रस्ते कोरलेत. सुमारे २६०, ३२५ आणि ३५० मीटरवर. डार्विन १८३८ मध्ये तिथे आठ दिवस फिरला आणि ठरवलं, हे जुने समुद्रकिनारे, जमीन उचलली गेली. चिलीत पाहिलेलं इथे लावलं. पण शिंपले एकही नाहीत! दोन वर्षांनी हिमनद्यांचा अभ्यासक आगासी आला आणि म्हणाला, हिमनदीने खोऱ्याचं तोंड बंद केलं, तळं साचलं, त्याचे हे काठ. डार्विन वीसेक वर्षं अडून राहिला. १८६१ मध्ये सविस्तर पुरावा समोर आल्यावर त्याने स्वच्छ कबूल केलं की आपला लेख ही पहिल्यापासून शेवटपर्यंत एक प्रचंड घोडचूक होती.

गंमत म्हणजे १८३१ मध्ये सेजविकबरोबर तो वेल्समधल्या कुम इद्वाल दरीत कित्येक तास जीवाश्म शोधत होता. भोवती हिमनदीने घासलेले खडक, तिने आणून टाकलेले धोंडे. दोघांनाही दिसलं नाही. १८४२ मध्ये परत गेला तेव्हा दिसलं. जळालेल्या घरानेही आपली कहाणी याहून स्पष्ट सांगितली नसती, असं तो नंतर म्हणाला. डोळे तेच होते, फक्त मधल्या काळात आगासीने बर्फाची गोष्ट सांगितली होती.

खडूफळा

रानवाटा, हे उद्या वर्गात सांगणार. मुलांना वाटतं मोठी माणसं पहिल्या फटक्यात बरोबर असतात.

आणि काळवत्रींच्या मूळ प्रश्नाकडे येतो. काल रात्री ‘ओरिजिन’ पुन्हा चाळलं. भूशास्त्रावर दोन अख्खी प्रकरणं आहेत, आणि इंग्लंडमधल्या वील्ड या भागाची झीज व्हायला ३० कोटी वर्षं लागली असावीत असा हिशोब. तो चुकला, तिसऱ्या आवृत्तीत त्याने काढून टाकला. पण बघा, नैसर्गिक निवडीला लागणारा वेळ तो कुठून आणतो? समुद्र कडा किती सावकाश खातो, त्यातून. जीवशास्त्राकडे तेव्हा स्वतःचं घड्याळ नव्हतं. हे मी पंचवीस वर्षं शिकवताना सांगितलं नाही. यंदापासून सांगेन.

काळवत्री

सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझं मत लिहितो.

लहान बदल, अफाट वेळ, आणि आत्ता जे चाललंय त्यावरून पूर्वीचं ओळखायचं. हे त्याने आधी जमिनीवर करून पाहिलं, मग जिवंत प्राण्यांवर. आपली पुस्तकं अर्धी लायेलच्या डोक्यातून आलीत असं तो स्वतः म्हणायचा. आणि उमेदवारी म्हणावी तर ती सुटलीच नाही: गांडुळं माती वर आणून टाकतात यावर त्याने १८३७ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीत निबंध वाचला आणि १८८१ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, त्याच विषयावर शेवटचं पुस्तक काढलं. चव्वेचाळीस वर्षं एका मातीच्या थराकडे बघत होता.

सध्या मी उस्पायातापाशी पोहोचलोय. अँडीजमध्ये सात हजार फुटांवर उघड्या उतारावर दगड झालेली ५२ झाडं, त्यातली बरीच पांढऱ्या खांबांसारखी. कधीकाळी समुद्राकाठी वाढलेली, मग बुडालेली, गाळाखाली-लाव्ह्याखाली गाडलेली, मग डोंगराबरोबर वर आलेली. रानवाटा, ऑक्टोबरात माळशेजला निघालात तर मला कळवा.

मीनल७२

मीही येते, मुलीला घेऊन. आणि तुम्हा सगळ्यांना कळवायचं होतं: परवा तिने कंपासपेटीतला कोनमापक घेतला, मधल्या खुणेला दोरा बांधला, दोऱ्याला खोडरबर लटकवलं. जेवणाच्या टेबलाच्या दोन पायांखाली विटा घालून कल मोजला, सात अंश. मग गच्चीचा उतार. मग जिन्याचा कठडा. काल संध्याकाळी टेकडीवर गेलो तेव्हा तो कोनमापक तिच्या खिशात होता, आणि वाटेतल्या पहिल्याच खडकापाशी ती खाली बसली.